बोटॉक्स घेतलं आणि पापणी खाली आली? घाबरायचं कधी आणि धावायचं कधी, समजून घ्या

मोहोपाडा : घरात लग्न ठरलं की हल्ली फक्त साडी आणि दागिन्यांची चर्चा होत नाही. फोन उघडला की 'दहा मिनिटांत सुरकुत्या गायब' अशा जाहिराती समोर येतात. पनवेल, नवी मुंबई आपल्यापासून काही लांब नाही. मोहोपाडा, चौक, खोपोली, कर्जतकडच्या कितीतरी मुली आणि बायका नोकरी-शिक्षणासाठी रोज तिकडे जातात. साहजिकच 'बोटॉक्स' हा शब्द आता गावातही पोचला आहे.

हे इंजेक्शन घेतल्यावर काही जणांची एका डोळ्याची पापणी अचानक खाली उतरते. आरशात पाहिलं की एक डोळा अर्धा मिटलेला. घरचे म्हणतात, 'लकवा मारला!' कुणी म्हणतं, 'काही नाही, झोप झाली नसेल.' यातलं खरं काय? बहुतेक वेळा ही पापणी आपोआप वर येते. पण काही वेळा उतरलेली पापणी हा जिवावरच्या धोक्याचा पहिला इशारा असतो. दोन्हींतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

बोटॉक्स म्हणजे नक्की काय?

'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' नावाचा एक जिवाणू आहे. तो जे विष तयार करतो, त्याचाच अतिशय थोडा, मोजून घेतलेला डोस म्हणजे हे इंजेक्शन. ऐकून दचकू नका. हे औषध आधी डोळ्यांच्या आजारांसाठीच आलं. डॉ. ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरलं आणि १९८९ साली अमेरिकेत तिरळेपणा व पापण्या आवळण्याच्या आजारासाठी त्याला मंजुरी मिळाली. पापण्यांवर उपचार करताना कॅनडातल्या डॉ. जीन कॅरुथर्स यांच्या लक्षात आलं की रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही कमी होतायत. तिथून ते सौंदर्य उपचारात आलं आणि २००२ साली अमेरिकेत आठ्यांसाठी मंजूर झालं. आजही अर्धांगवायूनंतर कडक झालेल्या हातापायांसाठी डॉक्टर ते देतात.

ते काम कसं करतं? शेतातल्या पंपाचं उदाहरण घ्या. नस म्हणजे वायर आणि स्नायू म्हणजे मोटर. हे औषध मोटर जाळत नाही आणि वायरही तोडत नाही, फक्त मधला स्टार्टर काही महिने बंद ठेवतं. मेंदूकडून निरोप येतो, पण स्नायूपर्यंत पोचत नाही. स्नायू सैल पडतो आणि आठी पडत नाही. परिणाम दोन-तीन दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. मग शरीर पुन्हा जोडणी सुरू करतं.

एक गैरसमज इथेच दूर करू. पार्लरमध्ये केसांना करतात ते 'हेअर बोटॉक्स' वेगळं. त्यात हे औषध नसतं, फक्त नाव उसनं घेतलेलं आहे. 'बोटॉक्स क्रीम'चंही तसंच.

मग पापणी का उतरते?

दोन भुवयांच्या मधल्या उभ्या रेषांसाठी साधारणपणे पाच ठिकाणी मिळून २० युनिट औषध देतात. तिथून खाली, डोळ्याच्या खोबणीत, पापणी वर उचलणारा स्नायू असतो. औषध थोडं जरी झिरपून त्याच्यापर्यंत गेलं, तरी त्याचाही स्टार्टर बंद होतो आणि पापणी खाली येते. कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांत भुवयांमध्ये इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांना हा त्रास झाला होता. म्हणजे शिकलेल्या डॉक्टरच्या हातूनही हे होऊ शकतं. पण सुई चुकीच्या जागी, फार खाली किंवा डोस जास्त गेला, तर शक्यता वाढते.

हे इंजेक्शन घेतल्या घेतल्या होत नाही. बहुधा दोन ते दहा दिवसांत, कधी दोन आठवड्यांपर्यंत दिसतं. बहुतेकांची पापणी दोन ते चार आठवड्यांत सुधारते, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो.

कधी पापणी ठीक असते, पण भुवईच खाली बसते आणि डोळ्यावर जडपणा येतो. हे कपाळावरच्या इंजेक्शनमुळे होतं. पापणीची कड बुबुळावर आली असेल तर पापणी उतरली आहे. कड जागेवर असून भुवई खाली आली असेल तर भुवई बसली आहे. दोन्ही तात्पुरतंच, पण उपचार वेगळे. म्हणून स्वतः निदान करत बसू नका.

उतरली तर काय करायचं?

पहिली गोष्ट, ज्यांनी इंजेक्शन दिलं त्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. रोज सकाळी एकाच जागी, एकाच उजेडात फोनवर फोटो काढून ठेवा. सुधारणा होतेय की बिघडतंय, ते डॉक्टरांना त्यावरून लगेच कळतं.

एकदा औषध नसेला चिकटलं की ते काढून टाकणारं दुसरं औषध नाही. पण पापणीला आणखी एक छोटा मदतनीस स्नायू असतो. ॲप्राक्लोनिडीन किंवा ब्रिमोनिडीनसारखे थेंब त्याला ताण देतात आणि पापणी एक-दोन मिलिमीटर वर येते. डोळा उघडा दिसायला तेवढंही पुरतं. हे थेंब मुळात काचबिंदूचे आहेत. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना ते जपून द्यावे लागतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका.

डोळा चोळू नका, तेलाने मालीश करू नका, लिंबाचा रस किंवा पाल्याचा रस डोळ्यात घालू नका. आणि 'समान करून देतो' म्हणत कुणी दुसऱ्या बाजूलाही इंजेक्शन देऊ पाहत असेल, तर आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांना विचारा.

एका डोळ्यावर पापणी असताना बाजूची गाडी नीट दिसत नाही. बाईक, स्कूटी चालवू नका. पाताळगंगा एमआयडीसीत मशीनवर काम असेल तर सुपरवायझरला सांगून काही दिवस दुसरं काम मागून घ्या. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

वाट न बघता दवाखाना गाठा, जर…

इंजेक्शननंतर गिळायला त्रास होतोय, आवाज बदललाय, एकाचे दोन दिसतायत, मान-हात गळतायत किंवा श्वास लागतोय, तर औषध अंगात पसरलं असण्याची शक्यता आहे. ही लक्षणं काही तासांत किंवा काही आठवड्यांनीही येऊ शकतात. लगेच १०८ ला फोन करा.

इंजेक्शन न घेताच पापणी उतरली असेल तर आणखी सावध व्हा. सोबत तोंड वाकडं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा, किंवा अचानक प्रचंड डोकेदुखी असेल तर मेंदूचा आजार असू शकतो. पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी उतरत असेल तर मायस्थेनिया नावाचा स्नायूंचा आजार असू शकतो. अशा रुग्णांना बोटॉक्स धोकादायक ठरू शकतं.

आणि आपल्या भागात विसरू नये अशी गोष्ट म्हणजे मण्यार. तिचं विषही नस आणि स्नायूच्या त्याच जोडावर काम करतं. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, दुखत नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो आणि दोन्ही पापण्या जड होऊन खाली येतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागातल्या मण्यार आणि नागदंशाच्या रुग्णांवर अभ्यास लिहिला आहे. अशा माणसाला भगताकडे नेण्यात किंवा 'झोप आली असेल' म्हणण्यात वेळ घालवू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या, १०८ बोलवा.

इंजेक्शन घ्यायचंच असेल तर

हे प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे, मेकअप नाही. ब्युटी पार्लरच्या खुर्चीत किंवा कुणाच्या घरी ते घेऊ नका. अमेरिकेत २०२४ च्या एप्रिलपर्यंत ११ राज्यांत २२ जणांना अशा इंजेक्शननंतर त्रास झाल्याची नोंद झाली. त्यातल्या ११ जणांना रुग्णालयात भरती करावं लागलं. अनेकांना घरी किंवा स्पामध्ये, परवाना किंवा प्रशिक्षण नसलेल्यांनी इंजेक्शन दिलं होतं आणि काही ठिकाणी औषधच बनावट निघालं. तिथे हे होतं, तर इथे होणार नाही असं समजू नका.

– त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर फोनवरच तपासता येते.
– बाटली समोर उघडायला सांगा. नाव, बॅच नंबर, मुदत बघा आणि फोटो काढा. औषध फ्रीजमधूनच यायला हवं.
– किती युनिट दिले ते कागदावर लिहून घ्या, बिल घ्या.
– गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, स्नायूंचा आजार असेल किंवा जेंटामायसिनसारखं इंजेक्शन चालू असेल तर आधीच सांगा.
– इंजेक्शननंतर तीन-चार तास आडवं पडू नका, ती जागा चोळू नका.
– लग्न पंधरा दिवसांवर असताना पहिल्यांदा घेऊ नका. पापणी उतरलीच तर नेमकी हळदीच्या दिवशी दिसेल. दीड-दोन महिने हाताशी हवेत.

चेहऱ्यावर आठ्या असणं हा आजार नाही. इंजेक्शन घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण स्वस्तात मिळतंय म्हणून डोळ्याच्या इतक्या जवळ कुणाचीही सुई घेऊ नका. आणि घरात कुणाची पापणी अचानक उतरली, तर आधी दोन प्रश्न विचारा : इंजेक्शन घेतलं होतं का? गिळता येतंय, श्वास नीट चालतोय का? पहिल्याचं उत्तर 'नाही' किंवा दुसऱ्याचं 'नाही' असेल, तर आरशासमोर थांबू नका, थेट रुग्णालयात जा.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. उपचारासाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)