येशूला कोणी मारले? एका वाक्याचा नवा अर्थ

मत्तयच्या शुभवर्तमानात, सत्ताविसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. वल्हांडण सणाचे दिवस. रोमन सुभेदार पिलात जमावाला विचारतो, बरब्बाला सोडू की येशूला? लोक बरब्बाला मागतात. पिलात पाणी मागवून हात धुतो आणि जमाव येशूच्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर व आपल्या मुलाबाळांवर घेतो. चार शुभवर्तमानांपैकी हे वाक्य फक्त मत्तयमध्ये आहे.

एवढ्या आधारावर युरोपात शतकानुशतके शिकवले गेले की सगळे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या, देवाचे मारेकरी. जन्मावरून दोषी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १०९६ मध्ये धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी वाटेतच वर्म्स आणि माइन्झ येथील ज्यू वस्त्यांत कत्तली केल्या.

मुळात क्रुसावर चढवणे ही रोमन शिक्षा होती आणि हुकूमही पिलाताचाच. येशू, त्याची आई, त्याचे पहिले शिष्य सगळे ज्यू. बहुतेक अभ्यासक मत्तयचे लेखन इ.स. ७० नंतरचे मानतात. तेव्हा रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले होते आणि येशूला मानणारे व न मानणारे ज्यू एकमेकांशी भांडत होते. म्हणजे हा भाऊबंदकीतला राग. पुढे चर्च बिगरज्यूंचे झाले, राजसत्ता हाती आली आणि तेच शब्द दुसऱ्या समाजाविरुद्धचे हत्यार बनले.

हा अर्थ बदलण्यात ज्यूल इसाक या फ्रेंच ज्यू इतिहासकाराचा मोठा वाटा आहे. त्यांची पत्नी व मुलगी नाझींच्या छळछावणीत मारल्या गेल्या. स्वतः लपूनछपून राहत त्यांनी शुभवर्तमाने आणि चर्चची शिकवण शेजारी ठेवून तपासली; हे पुस्तक १९४८ मध्ये आले. १३ जून १९६० रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते पोप जॉन तेविसावे यांना भेटले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने २२२१ विरुद्ध ८८ मतांनी 'नोस्त्रा एताते' मंजूर केले. ज्यू अधिकाऱ्यांनी मृत्यूसाठी दबाव आणला, पण त्याचा दोष त्या काळच्या सरसकट ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही, असे त्यात आहे. (याच दस्तऐवजात बौद्ध धम्माचाही आदराने उल्लेख आहे.) इसाक हे पाहायला नव्हते, ते १९६३ मध्येच गेले.

२०११ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपल्या पुस्तकात आणखी पुढचा अर्थ लावला. तो जमाव म्हणजे अख्खा ज्यू समाज नव्हे आणि ख्रिस्ती श्रद्धेत येशूचे रक्त सूड मागत नाही, समेट घडवते.

कागदावरचा बदल लोकांत उतरायला मात्र वेळ लागतो. जर्मनीतील ओबरआमरगाऊ गावात १६३४ पासून येशूच्या वधाचे नाटक होते; १९३४ चा प्रयोग हिटलरने पाहिला होता. तिथल्या संहितेतून हे वाक्य गेले ते थेट २००० मध्ये. आणि २००४ मध्ये मेल गिब्सनच्या चित्रपटात ते आरामाईक भाषेत ऐकू येते. वादानंतर खालचे भाषांतर तेवढे काढले गेले.