फलाट रिकामा? मग एसटी वळवा!

जरा शांत बसा आणि एका मिनिटात आपण किती श्वास घेतो ते मोजा. मग मनगटावर बोटं टेकवून मिनिटभर नाडीचे ठोके मोजा. श्वास निघतील विसाच्या आसपास आणि ठोके ऐंशी-नव्वद. म्हणजे एका श्वासामागे साधारण चार ठोके! श्वास हवा आणतो, ठोका रक्त ढकलतो आणि दोघांची गाठ पडते फुप्फुसात.

ती कशी पडते? त्यासाठी एसटी स्टँडवर चला. फुप्फुसात हवेचे इवलेइवले फुगे असतात, त्यांना म्हणतात वायुकोश. मोठ्या माणसाकडे ते तब्बल 30 ते 50 कोटी असतात. हे आपले फलाट. हवेतला ऑक्सिजन म्हणजे पिशव्या घेऊन उभे असलेले प्रवासी. आणि रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे रिकाम्या एसटी गाड्या. फलाटाशेजारचे रस्ते, म्हणजे केशवाहिन्या, इतके अरुंद की गाड्या एकामागोमाग एक अशाच जातात. गाडी थांबते जेमतेम पाऊण सेकंद, पण पाव सेकंदातच भरूनही जाते!

मोठा माणूस निवांत बसलेला असताना मिनिटाला सुमारे 4 लिटर हवा वायुकोशांपर्यंत पोचते आणि सुमारे 5 लिटर रक्त फुप्फुसातून जातं. हिशेब जुळल्यासारखा वाटतो ना? पण थांबा. सगळे प्रवासी एक नंबरच्या फलाटावर आणि सगळ्या गाड्या दोन नंबरवर असल्या तर? प्रवासी तिथेच ताटकळणार, गाड्या रिकाम्याच जाणार!

असा घोटाळा खरंच होऊ शकतो. समजा, हसता हसता शेंगदाणा चुकून श्वासनलिकेत गेला आणि एका फाट्यात अडकला. त्या फाट्याच्या पलीकडच्या फलाटांवर नवे प्रवासी येणं बंद. मग तिथे गाड्या पाठवून उपयोग काय? म्हणून तिथे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या स्वतःला आवळून घेतात आणि बरंचसं रक्त भरलेल्या फलाटांकडे वळतं.

ही युक्ती 1946 मध्ये स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवली. मांजरांना कमी ऑक्सिजनची हवा दिली, तर फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढला. का? पुढचे रस्ते आवळले गेले म्हणून.

गंमत अशी, की बाकीच्या शरीरात नेमकं उलटं घडतं. तुम्ही पळता तेव्हा पायांच्या स्नायूंत ऑक्सिजन कमी पडतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या चक्क रुंद होतात. विचार करा, असं का? पायात रक्त ऑक्सिजन द्यायला जातं, फुप्फुसात घ्यायला येतं. जिथे टंचाई, तिथे द्यायला धावायचं. पण घ्यायला टंचाईच्या दारात कोण जाईल?

आणि फुप्फुसातल्या धमन्यांना आवळायचा हुकूम सोडतो कोण? मेंदू? नाही! शरीराबाहेर काढून, कृत्रिमपणे रक्त खेळवलेल्या फुप्फुसातही हे घडतं. या स्टँडवर कंट्रोलरसाहेबच नाहीत. धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींनाच ऑक्सिजन कमी झाल्याचं कळतं आणि त्याच आक्रसतात.

हीच युक्ती जन्माआधीही चालू असते. आईच्या पोटातल्या बाळाच्या फुप्फुसात हवा नसतेच, द्रव असतो. म्हणून तिथले रस्ते आवळलेले असतात. बाळ जन्मतं, पहिला श्वास घेतं आणि सगळे रस्ते भराभर उघडू लागतात!

पण ही युक्ती कधीकधी फसते. लेह आहे सुमारे 3,500 मीटर उंचीवर. तिथली हवा विरळ. एकदम तिथे पोचलं, की सगळ्याच फलाटांवर प्रवासी कमी. मग जागोजागी धमन्या आवळतात, हृदयाला जोर लावावा लागतो आणि काही जणांच्या फुप्फुसात पाणी साठतं. म्हणून विमानाने लेहला गेलात, तर पहिले दोन दिवस हुंदडायचं नाही, गुपचूप आराम करायचा. तुमच्या फुप्फुसातल्या रस्त्यांना तेवढी सवड द्या!