कोळ्याचे भक्ष्य : विविध आणि निर्विष

पातूर हे अकोल्याच्या दक्षिणेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले गाव. एकीकडे रान, दुसरीकडे कापूस, तूर आणि सोयाबीनची शेते. पावसाळा सरत आला की बांधावर नाकतोडे आणि ढेकळांखाली रातकिडे हवे तितके मिळतात. मग शाळेत काचेच्या पेटीत कोळी ठेवला, तर त्याच्या खाण्याची चिंता कसली, असे कोणालाही वाटेल. काळजी घ्यावी लागते ती नेमकी इथेच.

कोळी भक्ष्य गिळत नाही. तो त्यावर पाचकरस सोडतो, आतील भाग विरघळवतो आणि तयार झालेला द्रव शोषून घेतो. म्हणजे किड्याच्या शरीरात जे असेल, ते बहुतेक सारे कोळ्याच्या पोटात जाते. कपाशीच्या बियाण्याला इमिडाक्लोप्रिडसारखे कीटकनाशक चोळलेले असते. ते मुळांवाटे पऱ्हाटीच्या रसात भिनते. पुढे फवारण्या होतात त्या वेगळ्याच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले, हे आपण विसरलेलो नाही. अशा शेतातला किडा लगेच मरतोच असे नाही. पुष्कळदा तो सुस्तावतो, अडखळतो आणि म्हणूनच विद्यार्थ्यांच्या हाती सहज लागतो. सहज सापडलेला किडा अधिक संशयास्पद, हे सूत्र लक्षात ठेवावे.

विष फवारणीतूनच येते असेही नाही. रुईवर वाढणारे काही नाकतोडे आणि सुरवंट तिच्या चिकातील विषारी द्रव्ये अंगात साठवतात. त्यांचे भडक रंग हा भक्षकाला दिलेला इशाराच असतो. रानातील किड्यांच्या पोटात सूत्रकृमीही असू शकतात. गोम तर उलट कोळ्यालाच खाईल.

मग द्यावे काय? घरी वाढवलेले रातकिडे, झुरळे आणि कोंड्यावर पोसलेल्या मीलवर्म नावाच्या अळ्या. यांत आलटून पालटून बदल करावा. अळ्यांत स्निग्धांश जास्त असतो, म्हणून त्या अधूनमधूनच द्याव्यात. विविधतेचे महत्त्व प्रयोगांतूनही दिसले आहे. डेव्हिड मेन्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की, कोळ्यांसारखे भक्षकही आहारातील प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचा समतोल साधण्याचा प्रयत्न करतात. किड्यांना आदल्या दिवशी गाजर व पालेभाजी खाऊ घातली, तर तेच पोषण पुढे कोळ्याला मिळते. ही भाजी मात्र नीट धुतलेली हवी.

भक्ष्य कोळ्याच्या उदरापेक्षा मोठे नसावे. मोठ्या टॅरंटुलाला आठवड्या-दहा दिवसांतून एकदा खाणे पुरते. कात टाकण्यापूर्वी तो खाणे सोडतो. काही वेळा महिनोन्‌महिने उपाशी राहतो. अशा वेळी पेटीत रातकिडा राहू देऊ नये. नुकतीच कात टाकलेल्या कोळ्याचे अंग आणि विषदंत मऊ असतात, आणि भुकेला रातकिडा त्यालाच कुरतडतो. पाण्याची उथळ वाटी मात्र नेहमी असावी.

रानातून टॅरंटुला पकडून आणू नये, हे आवर्जून सांगायला हवे. भारत व श्रीलंकेत आढळणाऱ्या पीसिलोथेरिया प्रजातीतील कोळ्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2019 पासून साइट्स कराराने नियंत्रित केला आहे. त्यांचा दंशही फार वेदनादायक असतो. शाळेसाठी बांधावरचा लांडगा कोळी पुरेसा आहे. गंमत म्हणजे 'टॅरंटुला' हे नाव मुळात इटलीतील टारांटो शहराजवळच्या लांडगा कोळ्याचेच! त्याला हात न लावता रुंद तोंडाच्या बाटलीत घ्यावे आणि दोन आठवड्यांनी होता तिथे सोडून द्यावे.

करून पाहा : रानातले रातकिडे कोळ्याला न देता जाळीच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. आत ओलसर वाळूची वाटी ठेवा. मादी वाळूत अंडी घालते. उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. धुतलेल्या भाजीवर वाढलेली ही पिढी कोळ्यासाठी खात्रीची. कोणत्या दिवशी कोणते भक्ष्य दिले, ते घेतले की नाकारले, याची नोंद विद्यार्थ्यांनी वहीत ठेवावी.