अंदाज ३४ चा, घरात ३८! चुकतंय कोण?

मार्च लागला की घराघरांत एकच तक्रार ऐकू येते: "मोबाइल ३४ अंश दाखवतोय, इथे तर अंगाची लाही होतेय!" मग अंदाज चुकला का? दर वेळी नाही.

हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. मोकळ्या जागेवरच्या, झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत मोजलेला. पत्र्याखालची खोली त्याहून तापणारच. मुंबईत तर कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांचे आकडेही वेगळे येतात. दुसरी गोष्ट वाऱ्याची. जमिनीकडून येणारा पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्राचा वारा उशिरा सुटतो आणि तोवर पारा चढत राहतो.

म्हणून एक साधा थर्मामीटर आणा. खोलीत ऊन लागणार नाही अशा जागी टांगा. आदल्या रात्रीचा अंदाज, दुपारी अडीचचा आकडा आणि समुद्राचा वारा सुटल्याची वेळ रोज वहीत लिहा. हे काम मुलांकडे द्या, आवडीने करतील.

पंधरा दिवसांत आपल्या घराचा फरक कळेल. समजा तो ४ अंश निघाला, तर ३४ चा अंदाज म्हणजे दादी-नानीसाठी ३८. उष्णतेच्या लाटेचा इशारा नसला तरी अशा दुपारी त्यांना पत्र्याखाली बसू देऊ नका.