दप्तरावरच्या बाहुलीची किंमत

हातात काम असेल तर चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

जूनच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी महिन्याची बचत भरली नाही. विचारलं तर म्हणाल्या, "लेकीनं बाहुलीच्या चित्राचंच दप्तर पाहिजे म्हणून हट्ट धरला. साधं साडेतीनशेला होतं, चित्राचं सहाशेला." कोणी रागावलं नाही. शाळा सुरू होताना हा हट्ट प्रत्येकीच्या घरी असतो. पण मग त्यांनीच विचारलं, "कापड तेच, चेन तीच. मग माझे अडीचशे रुपये गेले कुठं?" प्रश्न मला आवडला. आज त्याच अडीचशे रुपयांची गोष्ट सांगते.

ती सुरू होते अमेरिकेत. रुथ हँडलर नावाच्या बाईंनी १९५९ मध्ये बार्बी ही बाहुली बाजारात आणली. बार्बरा या आपल्या मुलीच्या नावावरून तिचं नाव ठेवलं. त्यांची कंपनी मॅटेल. बाहुली खूप खपली. पण खेळण्याच्या धंद्यात एक अडचण असते. मूल चार-पाच वर्षांत मोठं होतं आणि खेळणं माळ्यावर जातं. मग पुढचं गिऱ्हाईक आणायचं कुठून?

कंपन्यांनी उपाय काढला, खेळण्याला गोष्ट जोडायची. मॅटेलनं १९८२ मध्ये ही-मॅन नावाचा तलवारवाला पुतळा आणला आणि १९८३ मध्ये टीव्हीवर त्याचं कार्टून आलं. हॅसब्रो या दुसऱ्या कंपनीनं गाडीचा यंत्रमानव होणारी जपानी खेळणी घेतली, १९८४ मध्ये त्यांना ट्रान्सफॉर्मर्स असं नवं नाव दिलं आणि त्याच वर्षी त्यांचंही कार्टून सुरू केलं. अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची बंधनं तेव्हाच सैल झाली होती. मुलांना वाटायचं आपण गोष्ट बघतोय. खरं तर ती अर्ध्या तासाची जाहिरात असायची.

आता पुढचं ऐका. ती मुलं मोठी झाली, कमावती झाली, आईबाप झाली. कंपनीनं हिशेब केला, की जुन्या खेळण्याचा सिनेमा काढला तर एका तिकिटाऐवजी तीन तिकिटं खपतील. बापाला लहानपण आठवेल आणि तो लेकराचं बोट धरून येईल. २००७ मध्ये ट्रान्सफॉर्मर्सचा मोठा सिनेमा आला तो असा.

हे आपल्याला नवं नाही. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं रामायण मालिका पुन्हा दाखवली. मूळ मालिका १९८७ची. ज्यांनी ती शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे दाटीवाटीनं बसून पाहिली होती, त्यांनी पोरांना जवळ बसवून सांगितलं, "हे बघ, आम्ही तुझ्याएवढे असताना हे बघायचो." आठवणीत अशी ताकद असते. जाहिरातीवर एक रुपया खर्च न करता आईच मुलाला सांगते.

बार्बीचा सिनेमा २०२३ मध्ये आला. जगभरात त्यानं १४० कोटी डॉलरहून जास्त कमाई केली, म्हणजे ११ हजार कोटी रुपयांच्या वर. पण आठवण चाळवली की पैसा येतोच असंही नाही. जेम नावाच्या ऐंशीच्या दशकातल्या बाहुलीचा सिनेमा २०१५ मध्ये निघाला. मूळ गोष्ट फार बदलली म्हणून जुने चाहते नाराज झाले आणि अमेरिकेत दोन आठवड्यांतच तो उतरवावा लागला.

यापुढची पायरी म्हणजे सगळ्या गोष्टी एकमेकींत गुंफणं. तुम्ही मराठी मालिकांचा 'महासंगम' पाहिलाय ना? एका मालिकेतली सून दुसऱ्या मालिकेतल्या लग्नाला जाते आणि एक मालिका बघणाऱ्या बायकांना दुसरीही बघावी लागते. सिनेमात हेच मार्व्हलनं केलं. कॉमिक्समधल्या वीरांचे आधी वेगवेगळे सिनेमे काढले, सुरुवात २००८च्या आयर्न मॅननं झाली आणि २०१२च्या अ‍ॅव्हेंजर्समध्ये सगळे एकत्र आणले. ते पाहून खेळणीवाले पुढे आले. २०२३च्या ट्रान्सफॉर्मर्स सिनेमाच्या शेवटी जी. आय. जो या हॅसब्रोच्याच दुसऱ्या खेळण्याचं नाव येतं. म्हणजे हा सिनेमा संपला तरी पुढचा बघायचा, आणि एक खेळणं घेतलं तरी संच अपुराच राहायचा.

आता अडीचशे रुपयांकडे येऊ. बाहुलीचं चित्र कंपनीच्या मालकीचं असतं. ते दप्तरावर, डब्यावर छापायचं तर छापणाऱ्यानं परवानगी घ्यायची आणि विक्रीतला वाटा कंपनीला द्यायचा. तो वाटा आपल्या खिशातून जातो. आठवडी बाजारात तर पुष्कळ माल बिनपरवानगीचा असतो. तिथं वरचे पैसे कंपनीलाही जात नाहीत, मधल्यामध्ये जिरतात. दप्तर काही जास्त टिकत नाही.

शिलाईचं काम करणाऱ्या गटांनी हे नीट लक्षात ठेवा. कार्टूनची चित्रं छापलेलं कापड स्वस्त मिळालं म्हणून त्याची दप्तरं शिवून विकू नका. कॉपीराइट आणि ट्रेडमार्कचे कायदे आपल्यालाही लागू आहेत. कापड घेताना परवानगीच्या मालाबद्दल विचारा आणि पक्कं बिल मागा. त्यापेक्षा स्वतःचा मोर, स्वतःची मांजर काढा. ते चित्र गटाचं.

मुलांना मात्र ओरडू नका. लेकीला दप्तर नको होतं, दप्तरावरची ओळखीची सखी हवी होती. दुकानात जायच्या आधी घरीच बोला. साध्या दप्तराची किंमत किती, चित्राचे वर किती, आणि तेवढ्यात आणखी काय येईल, हे मुलांसमोर मोजा. मुलांना हिशेब कळतो. कधी ठरवून चित्राचं घेतलं तरी हरकत नाही, पण काय विकत घेतोय ते माहीत असू द्या.

या कंपन्यांचं गुपित एवढंच आहे, की गोष्ट असलेलं खेळणं जीव लावतं. गोष्ट तर आपल्याकडेही आहे. त्या ताईंनी परवा जुन्या लुगड्याची बाहुली शिवली आणि स्वतःच्या आजीचं नाव तिला दिलं. आजी विहिरीवरून तीन हंडे कशी आणायची, ते रोज रात्री थोडं थोडं सांगतात. लेक आता विचारते, "उद्या काय झालं?" दप्तर सहाशेचंच आहे अजून. पण झोपताना जवळ लागते ती लुगड्याची बाहुली. जुलैच्या बैठकीत ताईंनी दोन्ही महिन्यांची बचत भरली.

तुमच्या लहानपणी बाहुलीचं नाव काय होतं? पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.