रूप्य ते रुपया : धातू, वचन आणि चिन्ह

भाषा आणि चलन यांची तुलना साहित्यविचाराला नवी नाही. भाषिक मूल्याची संकल्पना स्पष्ट करताना सोस्यूर यांनी नाण्याचा दृष्टान्त योजला. गटे यांच्या ‘फाउस्ट’च्या दुसऱ्या भागात (१८३२) मेफिस्टोफेलिसच्या युक्तीने, जमिनीत दडलेल्या व अद्याप हाती न आलेल्या धनाच्या भरवशावर कागदी चलन निघते. झाँ-जोसेफ गू यांनी १९८४ मध्ये आंद्रे जीद यांच्या बनावट नाण्यांवरील कादंबरीचा (१९२५) संबंध सुवर्णचलनाच्या अस्ताशी जोडला. अशा मांडणीतून एक समज सहज रूढ होतो : धातूचे नाणे ही वस्तू, तर नोट हे चिन्ह, आणि वस्तूकडून चिन्हाकडे झालेला प्रवास म्हणजे आधुनिकता. भारतीय रुपयाचा इतिहास या समजाला छेद देतो.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने प्रमाणित केलेल्या रुपयाचे वजन १८० ग्रेन होते व त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. कोणीही चांदी टांकसाळीत न्यावी, ठरावीक आकार भरावा आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. त्यामुळे नाण्याचे मूल्य आणि त्यातील चांदीचे मूल्य यांत फारसे अंतर पडत नसे. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. चार कोटी रुपयांपर्यंतच्या नोटांमागे सरकारी रोखे चालत. त्यापुढील प्रत्येक नोटेमागे नाणी वा धातू ठेवणे बंधनकारक होते. नोटेवरील वचनाचा निर्देश असा सुस्पष्ट होता. त्या वचनाला भूगोलही होता, कारण एका चलनमंडळाची नोट दुसऱ्या मंडळात कायदेशीर चलन ठरत नसे.

१८७१ नंतर जर्मनीसह अनेक देश सुवर्णचलनाकडे वळले आणि चांदीचा भाव घसरू लागला. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. लंडनमधील देणी पौंडांत फेडणाऱ्या सरकारला हे परवडणारे नव्हते. हर्शेल समितीच्या शिफारशीनंतर २६ जून १८९३ रोजी टांकसाळी जनतेच्या चांदीसाठी बंद झाल्या. नाण्याचे वजन, कस आणि त्यावरील मुद्रा यांत काहीही बदलले नाही. बदलला तो त्यांचा अर्थ. रुपयाचे मूल्य आता चांदीवर नव्हे, तर सरकारने राखलेल्या टंचाईवर अवलंबून राहू लागले. ज्या शेतकरी कुटुंबाची बचत तोडे, वाळे, गोठ यांत होती, त्याच्या दृष्टीने हा भेद केवळ तात्त्विक नव्हता. काल टांकसाळीच्या दाराने रुपया होऊ शकणारी चांदी आज बाजारभावाने विकायचा एक जिन्नस ठरली. अर्थात, वस्तू आणि मूल्य यांची फारकत कागदावर होण्याआधी खुद्द धातूतच झाली होती. आणि नोट ज्या नाण्याचे वचन देत होती, ते नाणेच चिन्ह बनले होते.

या व्यवस्थेचे समर्थन केन्स यांनी १९१३ मध्ये केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) या ग्रंथात तिच्यावर कठोर टीका केली. त्यांचा आक्षेप मूल्य धातूपासून सुटण्याला नव्हता. सरकारला हवे तितके चलन काढता येते आणि त्याला कोणताही निश्चित आळा नाही, याला होता. म्हणूनच अपरिवर्तनीय रुपया चालेल, पण त्याच्या निर्मितीला मर्यादा हवी, असा त्यांचा आग्रह होता. चिन्हाला आधार कशाचा, याऐवजी चिन्ह निर्माण करणाऱ्यावर अंकुश कोणाचा, असा प्रश्न त्यांनी पुढे आणला. चिन्हव्यवस्थेच्या साहित्यिक चर्चेत सत्तेचा हा प्रश्न अनेकदा मागे पडतो.

पुढचा प्रवास थोडक्यात असा : पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मीळ झाल्याने १९१७ मध्ये एक रुपयाची नोट आली, १९४० मध्ये नाण्यातील चांदी निम्म्यावर आणली गेली, १९४० च्या दशकातच निकेलचा रुपया आला. १९५७ पासून रिझर्व्ह बँकेला किमान २०० कोटी रुपयांचा साठा पुरतो, त्यांपैकी ११५ कोटींचे सोने असावे लागते. चलनात किती नोटा आहेत, याच्याशी हा आकडा बांधलेला नाही. गव्हर्नरांच्या स्वाक्षरीचे वचन मात्र नोटेवर कायम आहे.

मराठी भाषेने धातू अद्याप सोडलेला नाही. निर्भीड माणूस ‘बंदा रुपया’ असतो, त्याचे बोलणे ‘खणखणीत’ असते, आणि नाण्यावरील वटावाचा ‘बट्टा’ आज कीर्तीला लागतो. उलट, नुसती कागदावरची कृती म्हणजे ‘कागदी घोडे’. ‘रूप्य’, म्हणजे चांदी, हे मूळ नावात वागवणारा रुपया आज पोलादाचा आहे. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण त्याला नेमकी लागू पडते.

भाषांतराच्या अभ्यासकाने आणखी एक तपशील नजरेआड करू नये. नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते, मराठीतही असते. वचन मात्र दर्शनी बाजूस केवळ हिंदी व इंग्रजीत आहे. किंमत सर्व भाषांत पोचते, तिच्यामागचे आश्वासन दोनच भाषांत बोलते.