सिंहस्थाचें गणित

तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा हें नंदुरबार जिल्ह्यांतील क्षेत्र 'दक्षिण काशी' म्हणून आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. येथील गौतमेश्वराची मोठी यात्रा दर बारा वर्षांनीं, गुरु सिंह राशींत आला म्हणजे भरते. याच सिंहस्थांत पुष्कळ घरीं लग्नमुंजी करीत नाहींत. म्हणून गुरूच्या सिंहप्रवेशाचा दिवस हा केवळ ज्योतिष्यांचा प्रश्न नव्हे. ज्या घरीं मुलीचें लग्न ठरावयाचें आहे, त्या घराचाहि आहे. परंतु दोन निराळ्या पंथांचीं पंचांगें शेजारीं ठेवलीं तर या दिवसांत महिना-दीड महिन्याचें अंतर पडूं शकतें. मग चूक गणिताची काय?

हें समजण्यास तें गणित कसें करितात तें पाहूं. संगमावर कोणी द्रोणांत दिवा लावून प्रवाहांत सोडला. पाण्याचा वेग व दिशा प्रत्येक ठिकाणीं आपणांस ठाऊक आहे. तर घटकाभरानें दिवा कोठें असेल? अशा कोड्यास विकलक समीकरण म्हणतात. ग्रहांचेंहि असेंच आहे. क्षणोक्षणींच्या गतीचा 'तात्कालिक गति' हा विचार भास्कराचार्यांनीं ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त केलेला आहे. परंतु सूर्याबरोबर इतर ग्रहहि गुरूस ओढीत असतात; त्यामुळें एका सूत्रांत उत्तर सांपडत नाहीं, पावलापावलानेंच पुढें जावें लागतें.

सर्वांत सोपी रीत ऑयलरची. आतांचा वेग घ्यावा, पाऊलभर सरळ जावें आणि तेथें पुनः वेग पाहावा. पण प्रवाह वळला कीं सरळ पाऊल बाहेर पडतें. आणि पाऊल निम्में केलें तरी चूक निम्मीच होते. रुंगे (१८९५) व कुट्टा (१९०१) या जर्मन गणितज्ञांनीं उच्च कोटीची रीत दिली. पाऊल टाकण्यापूर्वीं वेग आरंभीं एकदां, मध्यें दोनदां व शेवटीं एकदां चांचपावा, मधल्या दोहोंस दुप्पट वजन द्यावें आणि त्या सरासरीनें पुढें जावें. येथें पाऊल निम्में केल्यास चूक सुमारें सोळाव्या हिश्शावर येते.

घरच्या हिशेबानें पाहूं. एक रुपया असा वाढतो कीं त्याच्या वाढीचा वार्षिक दर प्रत्येक क्षणीं त्या क्षणींच्या रकमेइतकाच असतो. वर्षअखेर खरी रक्कम २.७१८३ रुपये होते. ऑयलरच्या चार पावलांनीं २.४४१४ येते, तर दुसऱ्या रीतीच्या एकाच पावलानें २.७०८३. दोहोंत वेग चारच वेळां काढला. श्रम सारखेच, पण चूक अठ्ठावीस पैशांवरून एका पैशावर आली!

अशा बारीक गणिताचा खरा लाभ निराळाच आहे. १९१० सालीं हॅलेचा धूमकेतु परत येण्यापूर्वीं कॉवेल व क्रॉमेलिन यांनीं त्याचा मार्ग पावलापावलानें मोजला होता. तरी सूर्याजवळ येण्याच्या वेळेंत सुमारें तीन दिवसांचा फरक राहिला. तो आकडेमोडीचा नव्हता. तापलेल्या धूमकेतूंतून उसळणारे वायु त्याला किंचित् ढकलतात, आणि हें बळ मूळ समीकरणांतच धरलेलें नव्हतें. रीत चोख असली म्हणजे उरलेली चूक आपल्या गृहीतांत शोधावी लागते.

पंचांगांचेंहि तसेंच. आज ग्रहांचीं स्थानें उच्च कोटीच्या रीतींनींच काढितात. गुरु आकाशांत कोठें आहे याविषयीं वादच नाहीं. वाद आहे तो राशीचा आरंभ कोठून धरावा याचा. टिळक पंचांग तो रेवतीवरून धरतें, राष्ट्रीय पंचांग चित्रेवरून. या दोहोंत सुमारें चार अंशांचें, म्हणजे २४० कलांचें अंतर आहे. गुरु सरासरीनें रोज पांच कला चालतो; तेव्हां प्रवेशांत सुमारें ४८ दिवसांचा फरक पडावयाचाच, आणि गुरु वक्री झाल्यास तो याहूनहि बदलतो.

म्हणून लग्नाची तिथि पाहतांना पंचांगाचा अयनांश आधीं वाचावा. कोणता आरंभ मानावयाचा हें घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं विचारानें ठरवावें. त्याचा दोष बिचाऱ्या गणिताच्या माथीं मारूं नये.